शीतगृह आणि बर्फ कारखान्यातील अमोनिया : गळती होण्याआधी काय करावे

अमोनिया म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर युरियाचे पोते येते. ते चुकीचे नाही, कारण युरिया अमोनियापासूनच बनतो. पण पोत्यातला युरिया आणि टाकीतला द्रवरूप अमोनिया यांत मोठा फरक आहे. अमेरिकेतील मका पट्ट्यात शेतकरी द्रव अमोनियाची टाकी ट्रॅक्टरमागे ओढत नेतात आणि थेट जमिनीत सोडतात. आपल्याकडे ही पद्धत नाही. त्यामुळे आपल्या शेतकऱ्याचा शुद्ध अमोनियाशी संबंध येतो तो शीतगृहात, दूध शीतकरण केंद्रात, फळप्रक्रिया उद्योगात आणि बर्फाच्या कारखान्यात. तिथे तो खत नसतो, थंडावा निर्माण करणारा वायू असतो.

हा लेख तुळिंज आणि आसपासचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. एकेकाळी शेतीचे गाव असलेले तुळिंज आज नालासोपारा पूर्वेतील दाट वस्तीचा भाग आहे. चाळी, इमारती, औद्योगिक गाळे सगळे एकमेकांना खेटून आहे. वसईची भाजी, फुले आणि केळी बहुतांशी ताजीच मुंबईच्या बाजारात जातात, त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला शीतगृहाची गरज आतापर्यंत कमी पडली. मात्र अर्नाळा, नायगाव, सातपाटी अशा मासेमारी बंदरांना बर्फ लागतोच, आणि शेतकरी उत्पादक कंपन्या आता चिकू, भाजीपाला, मिरची यांसाठी शीतगृहाचा विचार करू लागल्या आहेत. अशा ठिकाणी गळती झाली, तर कुंपणाच्या पलीकडे शेत नसते, लोकांची घरे असतात.

एक किलो म्हणजे किती?

शीतकरणासाठी अमोनिया उत्तम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. तो स्वस्त आहे, उष्णता भरपूर शोषतो, ओझोनच्या थराला धक्का लावत नाही. म्हणून मोठ्या शीतगृहांत शंभराहून अधिक वर्षे तोच वापरला जातो. हवेच्या दाबाला तो उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो. सामान्य तापमानाला द्रवरूपात ठेवायचा तर तो दाबाखाली ठेवावा लागतो. ३० अंशांना हा दाब साधारण ११ किलो प्रति चौरस सेंटीमीटर असतो, ४० अंशांना तो १४ च्या वर जातो.

दाबाखालचा द्रव फटीतून बाहेर आला की त्याचे आकारमान ८५० ते १००० पट वाढते. एक किलो अमोनियाचा सुमारे दीड घनमीटर वायू होतो. हवेत दहा लाख भागांत ३०० भाग अमोनिया असेल, तर ती पातळी जिवाला तत्काळ धोकादायक मानली जाते. हिशेब केला, तर ३० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ८ मीटर उंच गोदाम या पातळीला आणायला एक किलो पुरतो. मध्यम आकाराच्या शीतगृहात काही टन अमोनिया असतो.

अमोनिया हवेपेक्षा हलका असतो, म्हणून तो वर उडून जाईल, असे ऑपरेटर अनेकदा सांगतात. कोरड्या, उबदार वायूबाबत ते खरे आहे. पण दाबाखालचा द्रव बाहेर पडतो तेव्हा त्याचे थंडगार तुषार होतात, हवेतले बाष्प गोठून पांढरा ढग तयार होतो आणि हा ढग जमिनीलगत सरकतो. पावसाळी दमट हवेत तर अधिकच. त्यामुळे पांढरा ढग दिसल्यास 'तो वर जाईल' म्हणून थांबू नये.

त्याचा दुसरा स्वभाव म्हणजे पाण्याची ओढ. साध्या तापमानाला एका लिटर पाण्यात सुमारे ७०० लिटर अमोनिया वायू विरघळतो. डोळे, नाक, घसा, घामेजलेली काख या ओल्या जागांवर तो आधी हल्ला करतो, तो याच कारणाने. आणि याच कारणाने पाणी हे आपले मुख्य शस्त्रही आहे.

"एवढा वास तर असतोच"

काही वर्षांपूर्वी एका शेतकरी गटाला घेऊन आम्ही एक शीतगृह पाहायला गेलो होतो. मशीनरूमच्या दारातच सगळ्यांचे डोळे चुरचुरले. ऑपरेटर मात्र निवांत चहा घेत होता. "साहेब, एवढा वास तर असतोच," तो म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. नाकाला सवय होते. अमोनियाचा वास हवेतील अगदी थोड्या प्रमाणालाही कळतो, हा त्याचा मोठा गुण. पण रोज वास घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो गुण निकामी होतो. आठ तास काम करण्यासाठी मर्यादा दहा लाखात २५ भाग इतकी धरतात. बाहेरून आलेल्या माणसाचे डोळे चुरचुरत असतील, तर तिथे गळती आहे असे समजावे. कुठे आहे ते शोधायला ओला लाल लिटमस कागद पुरतो, गळतीजवळ तो निळा होतो. गंधकाची पेटती वात गळतीजवळ नेल्यास दाट पांढरा धूर होतो. ही जुनी पद्धत अजून चालते, पण वायू साचलेल्या बंद खोलीत वात पेटवू नये. हवेत १५ ते २८ टक्के अमोनिया झाला तर तो पेट घेऊ शकतो.

एप्रिल २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातील भांडगाव येथे एका खाद्यप्रक्रिया कारखान्यात अमोनियाची गळती झाली आणि १७ कामगारांना रुग्णालयात न्यावे लागले. तिथे अमोनिया होता तो कामाची जागा थंड ठेवण्यासाठी. म्हणजे ज्यांना त्रास झाला ते अमोनिया हाताळणारे नव्हते, शेजारी अन्नपदार्थ तयार करणारे होते.

यंत्र चालू असताना कमी, हात लावताना जास्त

नीट बसवलेली अमोनिया यंत्रणा महिनोन्‌महिने तक्रार न करता चालते. ती उघडताना, भरताना, बंद करताना आणि पुन्हा सुरू करताना अपघात होतात. त्यामुळे सुरक्षिततेचा पैसा आणि वेळ कुठे घालायचा, याचे उत्तर सोपे आहे : याच चार प्रसंगांवर.

यांत सर्वांत घातक काम म्हणजे तेल काढणे. कॉम्प्रेसरचे तेल थोडे थोडे अमोनियाबरोबर वाहत जाते. द्रव अमोनियापेक्षा तेल जड असल्याने ते रिसीव्हर, कूलर आणि इतर भांड्यांच्या तळाशी साचते. ते ठरावीक दिवसांनी काढावे लागते. लहान कारखान्यांत हे काम एकटा माणूस करतो : खालचा व्हॉल्व्ह थोडा उघडतो, बादली लावतो, तेल गळू लागते. थंड तेल घट्ट असते, हळू येते. म्हणून तो व्हॉल्व्ह आणखी उघडतो. अडकलेला गोळा निघाला की मागून तेल नाही, द्रव अमोनिया येतो, थेट हातांवर आणि तोंडावर. मग व्हॉल्व्ह बंद करायला कोणी उरत नाही.

हे टाळायचे असेल तर तेल थेट भांड्यातून काढू नये. स्वतंत्र ऑइल पॉट बसवावा. तेल त्यात उतरवून मुख्य भांड्याकडचा व्हॉल्व्ह बंद करावा, पॉटमधला अमोनिया सक्शन लाइनकडे ओढून घ्यावा, पॉटवरचा दाब उतरल्याची गेजवर खात्री करावी आणि मगच तेल काढावे. तेल काढण्याच्या नळीवर नेहमीच्या व्हॉल्व्हच्या पुढे एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असावा, जो हात सोडताच आपोआप बंद होतो. त्याची दांडी तारेने बांधून ठेवलेली दिसली तर काम तिथेच थांबवावे. माणसे दोन असावीत : एक काम करणारा, दुसरा दाराकडे उभा. गॉगल, रबरी हातमोजे आणि अमोनियासाठीचा मास्क अंगावर हवा, कपाटात नको. काम अर्धवट सोडून फोन घ्यायला जाऊ नये, हे लिहावेसे वाटते कारण तसे होते.

अमोनिया भरतानाही हीच शिस्त. भांडे काठोकाठ भरू नये. ८५ टक्क्यांपर्यंतच भरावे, कारण तापमान वाढले की द्रव फुगतो. सिलिंडर वजन करून भरावा आणि रिकामा करतानाही वजन पाहावे. लवकर रिकामा व्हावा म्हणून सिलिंडर स्टोव्हवर किंवा ज्योतीने तापवू नये. रबरी होजला तडे, फुगवटा दिसत असेल तर ती टाकून द्यावी.

द्रव अडकण्याचा प्रकार फार कमी लोकांना माहीत असतो. द्रव अमोनियाने भरलेल्या पाइपच्या दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद केले आणि त्या पाइपवर ऊन पडले, तर आतल्या द्रवाला फुगायला जागाच नसते. पाइप किंवा व्हॉल्व्हचे बॉडी फुटते. देखभालीसाठी लाइन बंद करताना आधी त्यातला द्रव ओढून घ्यावा, मग दुसरा व्हॉल्व्ह बंद करावा.

वीज गेली, पाणी भरले

वसई-विरारमध्ये राहणाऱ्याला जुलै महिना समजावून सांगण्याची गरज नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर इतके पाणी साचले की लोकल बंद पडल्या आणि वसई परिसरात वीजही गेली. अशा वेळी शीतगृहाचा मालक मालाची काळजी करतो. त्याने यंत्रणेचीही करावी.

वीज गेली की कॉम्प्रेसर आणि कंडेन्सरचे पंप दोन्ही थांबतात. दाब हळूहळू बाहेरच्या तापमानाला जुळतो, हे सहसा झेपते. खरा धोका वीज परत येते तेव्हा असतो. थांबलेल्या यंत्रणेत जिथे वायू असायला हवा तिथे द्रव जाऊन बसलेला असतो. घाईने सगळे एकदम सुरू केले की हा द्रव वेगाने आपटतो आणि पाइप किंवा कॉम्प्रेसरचे हेड फोडतो.

२३ ऑगस्ट २०१० रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात थिओडोर येथे मिलार्ड कंपनीच्या शीतगृहात नेमके असेच झाले. सात तासांहून अधिक काळ वीज नव्हती. ती आल्यावर यंत्रणा पूर्ववत करताना एका कूलरचे डीफ्रॉस्ट मध्येच तुटले आणि गरम वायूने भरलेल्या कॉइलमध्ये अचानक थंड द्रव शिरला. छतावरचा पाइप आणि कूलर फुटले, १४ टनांहून अधिक अमोनिया बाहेर पडला. दीडशेहून अधिक लोकांना त्याची बाधा झाली. त्यांतले बरेच जण शीतगृहाचे कामगार नव्हतेच, वाऱ्याच्या दिशेला जवळच दुसऱ्या कामावर असलेले लोक होते.

म्हणून वीज गेल्यावर स्टार्टर बंद स्थितीत करावेत, म्हणजे वीज येताच यंत्रे आपोआप सुरू होणार नाहीत. द्रव पुरवठ्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा. कुठला कूलर डीफ्रॉस्टवर होता ते फळ्यावर लिहावे, कारण रात्रपाळीचा माणूस सकाळी असेलच असे नाही. वीज आल्यावर आधी कंडेन्सरचे पाणी, मग सक्शनकडच्या भांड्यातली पातळी पाहून एकेक कॉम्प्रेसर, आणि शेवटी द्रव पुरवठा. डीफ्रॉस्टवर असलेल्या कॉइलमधला दाब हळू उतरवल्याशिवाय तिला थंडाईवर घेऊ नये. पाणी साचणाऱ्या भागात पॅनेल, एक्झॉस्ट पंख्याचे स्विच आणि डिटेक्टर चौथऱ्यावर घ्यावेत. पुरात मशीनरूमचा डिटेक्टरच बंद पडला तर तो ज्या दिवसासाठी घेतला होता, तोच दिवस वाया गेला.

खारी हवा आणि मिठाचे पाणी

किनाऱ्याजवळ लोखंड लवकर सडते. उघडा पाइप गंजला तर दिसतो, पण इन्सुलेशनखाली गंजलेला दिसत नाही. इन्सुलेशनवर सतत घाम येत असेल, एखाद्या जागी बर्फाचा गोळा जमत असेल, पत्रा फुगला असेल, तर आत पाणी शिरले आहे. तिथले आवरण काढून पाइपची जाडी तपासून घ्यावी. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये हे काम करणे सोयीचे. तांबे आणि पितळ अमोनियाला टिकत नाहीत. गावच्या प्लंबरने पितळी कॉक बसवून दिला असेल तर तो आजच बदलावा.

बर्फाच्या कारखान्यात अमोनियाची कॉइल मिठाच्या पाण्याच्या टाकीत असते. कॉइलला बारीक छिद्र पडले तर अमोनिया त्या पाण्यात विरघळतो, वास फारसा येत नाही आणि दिवस निघून जातात. कॅनडातील फर्नी येथील बर्फाच्या मैदानाच्या यंत्रणेत असेच छिद्र पडले होते. मिठाच्या पाण्यात अमोनिया आढळला होता, यंत्र जुने झाल्याने बदलावे असा सल्ला आधीच मिळालेला होता. तरी ते पुन्हा सुरू केले गेले. १७ ऑक्टोबर २०१७ रोजी मशीनरूममध्ये तिघांचा जीव गेला. मिठाच्या पाण्याचा सामू आठवड्यातून एकदा तपासून वहीत लिहावा. तो अचानक वाढला तर कॉइल गळते आहे असे धरून चालावे, 'सीझन संपल्यावर बघू' म्हणू नये.

सेफ्टी व्हॉल्व्ह ही शेवटची आडकाठी. तिच्यापुढे बंद करता येणारा साधा व्हॉल्व्ह असू नये. दोन सेफ्टी व्हॉल्व्ह आणि मध्ये त्रिमार्गी व्हॉल्व्ह असला, तर एक तपासणीला नेताना दुसरा कामावर राहतो. त्याचा पाइप मशीनरूमच्या खिडकीत किंवा शेजारच्या चाळीकडे तोंड करून सोडलेला नसावा. तो छतापेक्षा उंच न्यावा.

माल घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याने

शीतगृहातल्या कूलरखाली पोती रचताना हातगाडी किंवा फोर्कलिफ्टचा धक्का पाइपला लागतो. पाइपभोवती लोखंडी कठडा नसेल तर तशी मागणी करा. जास्तीचा माल कोंबण्याचा आग्रह तुम्हीही धरू नका. मार्च २०२३ मध्ये उत्तर प्रदेशात संभल जिल्ह्यातील चंदौसी येथे बटाट्याचे शीतगृह कोसळून १४ जणांचा मृत्यू झाला. क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्याचे तेव्हा समोर आले होते. इमारत पडली की अमोनियाचे पाइपही तिच्याबरोबर येतात.

ट्रक फाटकात आडवा लावू नये. आत शिरताना दुसरे दार कुठे आहे आणि ते आतून उघडते का, एवढे पाहून घ्यावे.

नियम कुठे लागू होतात

घातक रसायनांच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांत साठवणुकीतल्या अमोनियासाठी पहिली मर्यादा ६० टन आहे, सुरक्षा अहवालाची सक्ती ६०० टनांना सुरू होते. खत कारखाने यात येतात. दोन-चार टन अमोनियाचे शीतगृह किंवा बर्फ कारखाना या आकड्यांच्या खूप खाली राहतो. अपघात टाळण्याची सर्वसाधारण जबाबदारी त्यालाही आहेच, पण कोणी आराखडा मागायला येत नाही. माझ्या मते आपल्याकडची खरी अडचण ही आहे. मोठ्या टाकीभोवती कुंपण, मोकळी जागा आणि अग्निशमन दल असते. लहान टाकीभोवती भाडेकरू असतात.

त्यामुळे शेतकरी उत्पादक कंपनीने स्वतःच आराखडा करावा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे मार्गदर्शन मागावे, दाबाच्या भांड्यांची तपासणी सक्षम व्यक्तीकडून वेळेवर करून घ्यावी, महापालिकेच्या अग्निशमन केंद्राला अमोनिया किती आहे आणि मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, हे नकाशासह कळवावे. भारतीय मानक ६६० आणि ४५४४ या दोन संहिता अनुक्रमे शीतकरण यंत्रणा आणि अमोनिया यांच्या सुरक्षिततेबद्दल आहेत. ठेकेदाराच्या करारात त्यांचा उल्लेख घालावा.

नवे शीतगृह वस्तीजवळ होणार असेल, तर अमोनिया खोल्यांमध्ये फिरवूच नये, असा सल्ला मी देते. अमोनिया मशीनरूमपुरता ठेवून खोल्यांत ग्लायकॉलचे पाणी फिरवता येते. वीज थोडी जास्त लागते, यंत्रणा महाग पडते, पण अमोनियाचे प्रमाण बरेच घटते आणि मालाच्या खोलीत तो पोहोचत नाही. अनुदानाच्या प्रस्तावात हा खर्च सुरुवातीलाच दाखवावा, नंतर बदल करणे परवडत नाही.

गळती झालीच तर

वाऱ्याला आडवे निघावे, मग वाऱ्याच्या उगमाच्या बाजूला जावे. वसईत दुपारी वारा बहुधा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. हिवाळ्यात रात्री व पहाटे तो जमिनीकडून वाहू शकतो. म्हणून जमण्याच्या जागा दोन ठरवाव्यात आणि छतावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी लावावी. शेजारच्या घरांत लोकांना धावत बाहेर काढण्यापेक्षा दारे-खिडक्या बंद करून, फटींना ओली फडकी लावून आत थांबायला सांगणे अनेकदा जास्त सुरक्षित असते. ओला रुमाल नाकावर धरून बाहेर पडता येते, पण तो लावून कोणाला वाचवायला आत जाता येत नाही. त्यासाठी पाठीवर हवेची टाकी असलेले उपकरण आणि ते वापरता येणारा माणूस लागतो. ११२ किंवा १०१ वर कळवताना 'अमोनिया' हा शब्द सांगावा, नुसते 'गॅस' म्हणू नये.

वायूच्या ढगावर पाण्याचा फवारा मारावा. जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियाच्या थारोळ्यावर मात्र पाणी ओतू नये; पाण्याच्या उष्णतेने तो अधिक जोरात उकळतो. डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटे साध्या पाण्याने धुवावे. लिंबू, व्हिनेगर, तूप काही लावू नये. कपडे कातडीला गोठून चिकटले असतील तर ओढू नयेत, आधी पाणी सोडावे. श्वासाबरोबर वायू गेलेला माणूस ठीक वाटत असला तरी त्याला रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसांची सूज काही तासांनी वाढू शकते. मशीनरूमच्या बाहेर नळ आणि शॉवर असावा, आणि त्याला पाणी येते का, हे पाहावे.

मालाचे काय, हा प्रश्न शेतकरी नंतर विचारतोच. अमोनिया लागलेल्या कांद्याचा रंग बदलतो : लाल कांद्याची साल हिरवट काळी, पांढऱ्याची हिरवट पिवळी, पिवळ्याची तपकिरी होते. सफरचंदावर काळसर ठिपके येतात. खोली हवेशीर केल्यावर वास जातो, डाग जात नाहीत. माल हलवण्याआधी फोटो काढावेत, खोली क्रमांक आणि पोत्यांची संख्या लिहून घ्यावी, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि पंचनामा झाल्याशिवाय शीतगृहाच्या 'माल चांगल्या स्थितीत मिळाला' असे छापलेल्या पावतीवर सही करू नये.